गेलं म्हणजे पोचलं न्हाई

"गेलं" असं कुणी म्हटलं की आपांचा चेहरा उतरायचा. अहमदपूरच्या बसस्टँडमागे त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून माझं शिलाईचं. मेल पाठवून कुणी उठायला लागलं की त्या खांदा दाबून त्याला परत बसवायच्या. "गेलं म्हणजे पोचलं न्हाई. फोन लाव, विचार." हा हट्ट माझ्या अगदी डोक्यात जायचा. एवढा कॉम्प्युटर घेऊन बसलायत, वर फोन कशाला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची.

मला मेल त्यांनीच शिकवला. माझी लेक रमा लातूरला कोचिंगला गेली, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून मशीनवरून उठवलं. सांगायच्या माझ्याच धंद्याच्या भाषेत. "वर्डची फाइल म्हणजे कच्चा टाका, कुणीबी उसवतंय. पीडीएफ म्हणजे पक्की शिलाई. तुम्ही धाडली तशीच समोरच्याला दिसती. जेपीजी म्हणजे फोटो, दाबून घडी केलेला. अन् बीएमपी म्हणजे घडी न घातलेली वाकळ, दारातून आत जात न्हाई." सीसीमधलं नाव सगळ्यांना दिसतं, बीसीसीमधलं कुणालाच कळत नाही, हे ऐकल्यावर मी म्हटलं, "मग आमच्या भावकीत सगळं बीसीसीच चालतं की." आपा तोंडाला पदर लावून हसल्या.

मग रमाला डॉक्टरकीची जागा लागली. ती प्रवेशाला लांबच्या कॉलेजात गेली आणि दुपारी तिचा फोन आला. जात पडताळणीचं प्रमाणपत्र घरीच राहिलं होतं. पाचच्या आत पीडीएफ करून कॉलेजला मेल करा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल, असं तिथले लोक म्हणत होते. आमच्या घरात रमाआधी दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी घरून प्रमाणपत्र घेतलं आणि आपांच्या दुकानात धावले.

आपा पडद्याआड नमाजला बसल्या होत्या. थांबायचा धीर कुणाला? मी एकटीनंच स्कॅन केलं, मेलला जोडलं, पाठवून दिलं. थोड्या वेळानं उत्तरसुद्धा आलं, इंग्रजीत, चांगलं लांबलचक. मी खुशीत चहा सांगितला आणि आपा बाहेर येताच म्हटलं, "कॉलेजचं उत्तर आलं बघा."

आपांनी वाचलं. "ताई, हे उत्तर न्हाई. तुमचाच मेल वापस आलाय. फाइल लई जड झाली, दारातूनच परत लावली. बीएमपीत ठेवली का?"

साडेचार होऊन गेले होते. तेवढ्यात लाइट गेली आणि यूपीएस टीं टीं करायला लागला. "आपा, तुम्हीच करा आता, माझ्याच्यानं होत नाही," मी रडकुंडीला आले.

"बसा. मी सांगून राहिले ना. उद्या मी नसले तर कुणाच्या तोंडाकडं बघताल?"

असा राग आला होता त्यांचा, काय सांगू! पण बसले. पुन्हा स्कॅन केलं, ठेवताना पीडीएफ निवडलं. त्यांनी फाइलचं वजन बघायला लावलं, पत्ता अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचायला लावला, विषयाच्या ओळीत रमाचं नाव घालायला लावलं. जोडलेल्या फाइलचं नाव खाली उमटेपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं. मग सोडलं. मी बटण दाबलं आणि यूपीएस बसला. स्क्रीन काळी. गेलं की मधेच अडकलं, देव जाणे.

रमाचा फोन लागेना. मी लावत राहिले आणि आपा उंबऱ्यात उभ्या राहून कधी नव्हे ते बोलल्या. "भूकंपाच्या टायमाला माझा भाऊ किल्लारीकडं गवंडीकामाला होता. वाचला. एका ट्रकवाल्याकडं निरोप दिला, आईला सांग मी हाय. निरोप गेला, पोचला न्हाई. आईनं धसक्यानं अन्न सोडलं. भाऊ दारात आला तवा लोक तिला माती देऊन परतून राहिले होते."

 तेवढ्यात फोन लागला. रमा म्हणाली, "आई, पोचलं. मॅडमनी प्रिंट काढली." मी आपांच्या गळ्यात पडले. त्या दिवसापासून त्यांच्या हट्टाला मी कधी हसले नाही.

पुढे आपा लेकीकडे नांदेडला गेल्या. दर ईदला मी मेल करायची, त्यांचं एका शब्दाचं उत्तर यायचं: पोचलं. यंदा मी लिहिलं, रमा उदगीरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाली. उत्तर आलं नाही. वाट बघितली आणि त्यांनीच लावलेल्या सवयीनं फोन केला. लेकीनं उचलला.

"मावशी, अम्मी गेल्या. तुमचा मेल मी वाचून दाखवला होता त्यांना. लई खुश झाल्या. पोचलं म्हणून लिही म्हणाल्या, अन् मग दवाखान्याच्या धावपळीत माझ्याकडून राहूनच गेलं."

संध्याकाळी आपांच्या पत्त्यावरून मेल आला. तोच एक शब्द. मी शिलाई मशीनवर डोकं टेकलं आणि पोटभर रडले.