पंपातलं टॉनिक

आमच्या मेडशीकडे सोयाबीनवर कुणी नुसतं अळीचं औषध मारत नाही. फवारणीचा पंप भरलाच आहे तर सोबत पिकाचं टॉनिकही जातं, झाडाला ताकद म्हणून. त्यामुळे आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन अकोल्याला रोजचं रेडिएशन सुरू झालं, तेव्हा बाबा टॉनिकच्या शोधाला लागले.

भेटायला येणाऱ्यांनी त्यांना आणखी चेव आणला. रिकाम्या हाताने यायचं नाही हा आपला रिवाज. पूर्वी बिस्किटं आणायचे, आता व्हिटॅमिन. कुणी सी, कुणी ई, आणि एका मावशीने तर सोनेरी अक्षरांत अँटिऑक्सिडंट लिहिलेली भलीमोठी बरणीच. बाबा खूश! रोज सकाळी आईसमोर गोळ्या मांडून बसायचे.

"अवं, घे. ताकत येते."

"इतक्या गोळ्या खाल्ल्यावर जेवाले जागा कुठं राह्यते?" म्हणत आई गिळायची. गिळताना तिला हसू फुटायचं, ठसका लागायचा, बाबा घाबरून तिच्या पाठीवर थापा मारायचे, आणि त्या थापांनी ती आणखीच हसायची. आजाऱ्याच्या घरात असं बरं दिसत नाही, कळत होतं. पण आम्ही तिघंही भांग चढल्यासारखे हसायचो.

एक दिवस बाबा सगळ्या बरण्या पिशवीत घालून अकोल्याच्या रेडिएशनवाल्या डॉक्टरीणबाईंपुढे हजर झाले. शाबासकीच मिळणार, असा थाट.

"काका, या आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "रेडिएशन पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण आणूनच कॅन्सर मारतं. या जास्त डोसच्या गोळ्या तोच ताण कमी करू शकतात, मग चांगल्या पेशींसोबत वाईटही वाचायची भीती. जेवण, फळं, भाज्या खुशाल द्या. गोळी मात्र मला विचारल्याशिवाय एकही नाही."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. आईच्या चेष्टेला मात्र ऊत आला. "म्हंजे तुमी तणनाशकात टॉनिक कालवून राह्यले होते! गवताले बी ताकत!" ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की बाईही हसू लागल्या.

परतीच्या एसटीत बाबा नेहमीसारखे पुढे पुरुषांत बसले. लोक काय म्हणतील म्हणून ते आईशेजारी कधीच बसले नव्हते. पातूर गेल्यावर मात्र एकाएकी उठले, आमच्या बाकापाशी आले आणि भर गाडीत मोठ्याने म्हणाले, "मंग मी काय करू? तुले काई झालं त मी काय करू?"

मला वाटलं, आई आता काहीतरी टोमणा मारणार. ती हसलीच नाही.

"मले बी लय भेव लागते," ती म्हणाली. "बाजूले बसा."

मी उठले. मेडशी येईपर्यंत उभीच होते. आईने सगळ्यांदेखत त्यांचा हात धरून ठेवला होता.