गव्हाच्या आधीचं दळण

आमच्या घरात देव नव्हते, पण गहू होता. देव आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी गावच्या नदीत सोडले. गहू मात्र आबांनी मुंबईत येऊन घरात बसवला. आबा म्हणजे माझे वडील. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गव्हाची पिशवी दारात ओतायचे, मूठभर गहू उजेडात धरून फुंकर मारायचे आणि एक दाणा दाताखाली फोडून म्हणायचे, "हा खरा गहू." खोटा गहू कसा असतो ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

यामागे एक गोष्ट होती आणि ती आईला आणि मला तोंडपाठ होती. मराठवाड्यातलं गाव, सालोसालचा दुष्काळ, मजुरीत मिळणारी किडकी ज्वारी आणि तिची घशात टोचणारी भाकरी. आबांनी लहानपणी चपाती पाहिली ती दुसऱ्याच्या ओसरीवर, तीही लांबून. म्हणून सरकारी कचेरीत कारकून झाल्यावर आणि नाहूरला खोली घेतल्यावर त्यांनी घरात एकच कायदा केला. मुलीच्या डब्यात भाकरी जाणार नाही.

शेजारच्या मावशी मालवणकडच्या. भाताशिवाय दुसरं अन्न त्या मानत नसत. आबा त्यांनाही गव्हाची दीक्षा द्यायला बघायचे.

"भातानं पोट भरतं वहिनी, पण पाठ ताठ होत नाही."

"माझी पाठ ऱ्हवांदे," मावशी म्हणायच्या, "तुमच्या चेडवाची पाठ बघा आधी."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. माझी पाठ बघण्यासारखीच होती, सगळे मणके एकेक करून दिसायचे. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. तोंड कायम आलेलं, केस विंचरले की फणीतच जास्त. आमच्या वस्तीतल्या सामायिक संडासाच्या रांगेत लोक मला बघून न बोलता वाट करून द्यायचे, असा मान दुसऱ्या कुणाला नव्हता. जंताचं औषध झालं, लोहाचं टॉनिक झालं, मावशींनी मीठ-मोहरीनं दृष्टही काढली. आबांकडे मात्र सगळ्यावर एकच इलाज होता. "तूप लावून अजून एक चपाती दे तिला." मी नको म्हटलं की ते स्वतः चतकोर तोडून माझ्या ताटात ठेवायचे. इतक्या प्रेमानं कुणी कुणाला आजारी पाडलं नसेल.

कॉलेज संपलं त्या वर्षी मी मुलुंडच्या बाजारात भर दुपारी चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे आबा मला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथले डॉक्टर विलायतेत शिकून आलेले, हळू बोलणारे. आतड्याचा कणभर तुकडा तपासायला काढायचा म्हणून त्यांनी मला नळीला बांधलेली एक धातूची गोळी गिळायला लावली. अर्धा दिवस मी तोंडातून नळी लोंबत बसून होते, आणि समोरच्या बाकावर आबा वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होते. आठवड्यानं आम्ही निकाल ऐकायला गेलो.

"सिलिॲक आहे. गहू बंद," डॉक्टर म्हणाले. "चपाती, पाव, बिस्किट, रवा, मैदा, सगळं बंद. कणीक मळली की चिकट होते ना? ते जे चिकट असतं, ते हिच्या आतड्याला सोसत नाही."

"किती दिवस?" आबांनी विचारलं.

"कायमचं."

"मग खायचं काय हिनं?"

"ज्वारी आहे, बाजरी आहे, तांदूळ, नाचणी. भाकरी खाऊ दे की मजेत!"

आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते सगळं मागं टाकून आम्ही मुंबईला आलो."

डॉक्टर हसले. आबा हसले नाहीत.

हे ऐंशीच्या दशकातलं. या रोगासाठी वेगळं पीठ, वेगळी बिस्किटं बाजारात मिळावीत असे ते दिवस नव्हते. मिळत होती ती परातीवरची आईची भाकरी. आईला मात्र मनातून आनंदच झाला असावा, कारण तिचा हात मुळात भाकरीचा. लाटणं तिनं नवऱ्याच्या हौसेसाठी धरलं होतं. ती थापायला बसली की थप थप आवाज अख्ख्या गल्लीत जायचा. तो सुरू झाला की आबा उठायचे आणि काही कारण काढून दार लावायचे. "धूळ येते." कधी म्हणायचे, "मांजर येतं." भर मे महिन्यात, पत्र्याच्या छताखाली, आम्ही तिघं दार लावून घामाघूम होत भाकरी खायचो, का तर शेजाऱ्यांना वाटू नये की आपल्याकडे भाकरी खातात. शेजारी तर दुपारच्या उकड्या तांदळाच्या पेजेत खूश होते.

पुढे मला घाटकोपरच्या एका कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली आणि खरा छळ तिथे सुरू झाला. कुणाचा वाढदिवस, कुणाची बढती, कुणाकडे रंगीत टीव्ही आला, की समोसे यायचे. मी आजार सांगितला की सगळ्यांचं एकच उत्तर. "अगं, एका समोशानं काय होतंय?" या वाक्यानं मला जेवढं पिडलं तेवढं गव्हानंही पिडलं नाही. हाताला धरून तोंडात कोंबायला यायच्या बायका, आणि तेही मायेनं.

मी ते मावशींपाशी रडले. मावशी म्हणाल्या, "अगो बाय माझे, आजार कोण ऐकता? उपास आसा म्हणान सांग, मगे बघ मजा."

मी सांगून बघितलं आणि खरंच, वाट लागली समोशाची. तोंडापर्यंत आलेला हात चटका बसल्यासारखा मागे गेला. "अय्या, सॉरी हं!" वर माझ्यासाठी खाली माणूस पाठवून साबुदाण्याची खिचडी मागवली. उपासाला जे चालतं ते जवळपास सगळंच मला चालत होतं, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. मग काय, समोसे आले की माझा उपास. दोन महिन्यांत मी ऑफिसातली सर्वात धार्मिक मुलगी झाले. हेडक्लार्कनी तर मुलाच्या दहावीसाठी माझ्या देवाला साकडं घालायला सांगितलं. कुठल्या देवाला, ते त्यांनी विचारलं नाही म्हणून बरं.

पण एका रविवारी ऑफिसातली मैत्रीण घरी आली आणि चहा पिता पिता आबांना म्हणाली, "काका, एवढ्या लहान वयात किती उपास करते हो तुमची मुलगी!"

आबांनी तिला आणखी एक कप चहा दिला, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले आणि मग माझ्यासमोर उभे राहिले.

"आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिले," ते म्हणाले. "आता पोटभर मिळतंय, तर तू उपास धरणार? नसलेल्या देवाच्या नावानं? हा शब्द पुन्हा या घरात नको."

सोमवारी मी ऑफिसात खरं सांगितलं. मंगळवारी समोसे आले. "एका समोशानं काय होतंय?"

एवढं सगळं सोसून मी बरी होत असते तर गोष्ट वेगळी. पण सहा महिने झाले तरी पोट तसंच, वजन तसंच. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "चोरून खातेस का?" मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "दळण कुठून आणता?"

तिथे सापडलं. आमच्या गल्लीतल्या गिरणीत दगडाची जोडी एकच. त्यावर दिवसभर गहू पडायचा, मध्येच आमची ज्वारी. म्हणजे माझ्या भाकरीच्या पिठात दर वेळी ओंजळभर कणीक होती. घरात जातं ठेवायला जागा नव्हती. मी गिरणीवाल्या भैयाकडे गेले. दगड झाडून आमची ज्वारी दळशील का, म्हणून विचारलं.

"एक डब्ब्यासाठी दगड खोलू, ताई? मग धंदा कवा करू?" तो म्हणाला. "सोमवारी सकाळी खोलतो, ब्रश मारतो, पन ते फक्त उपासवाल्यांसाठी. राजगिरा, शिंगाडा, वरी. त्यांचं झालं की लगेच खानावळीचं गव्हाचं पोतं लागतं. बीचमें कोणी नाय."

घरी येऊन मी हे सांगितलं. मावशी दारातच होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मगे सांग की उपास आसा!" मीही म्हटलं, "सांगते. काय बिघडतं?"

आबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "कुणी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले.

माझा राग म्हणजे दुधासारखा, लक्ष नसताना वर येतो. मी म्हटलं, "तुमच्या तत्त्वापायी मी मरू का? आणि आजारी मला केलं कुणी? वीस वर्षं चपात्या चारून तुम्हीच केलंत."

आईचा हात भाकरीवर थांबला. मावशी आपल्या घरात गेल्या. आबांनी पेपराची घडी घातली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण सॉरी म्हणायची रीत आमच्या घरात नव्हती, आणि मीही काही ती सुरू केली नाही.

पुढच्या सोमवारी कचेरीत जायच्या आधी आबा गरम पिठाचा डबा घेऊन आले. "हे घे. यात गहू नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, भैयाला कायदा शिकवून आले असतील. आबांना तेही जमायचं. त्यानंतर दर सोमवारी डबा घेऊन तेच जाऊ लागले.

तीन महिन्यांत माझं तोंड येणं थांबलं. सहा महिन्यांत ब्लाऊज उसवून मोठे करावे लागले. मावशी म्हणाल्या, "आता बघूक दिसता पाठ!" संडासाच्या रांगेतला माझा मान गेला आणि मला इतरांसारखं ताटकळत उभं राहावं लागू लागलं. त्याचासुद्धा मला आनंद झाला.

याच दिवसांत आबांनाही भाकरीची गोडी लागली. आई त्यांच्यासाठी चपातीची कणीक भिजवायला लागली की म्हणायचे, "कशाला दोन दोन घाट घालतेस? मलाही भाकरीच टाक." दाढा हलत होत्या, कडा चावता चावता घाम यायचा, पण भाकरीच. मी त्यांना सोडते होय! "काय आबा, शेवटी गावालाच परत आलात ना?" म्हणायची. आतेबहिणीच्या लग्नात पंगतीत त्यांनी पुऱ्यांना हात लावला नाही, नुसता वरणभात जेवले, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या आबांना माझा रोग लागलाय." सगळे हसले. आबाही हसले.

असं वर्ष दीड वर्ष गेलं. एका सोमवारी आबा तापानं झोपून होते, म्हणून डबा घेऊन मी गेले. गिरणीपाशी राजगिऱ्याच्या, वरीच्या पिशव्या घेतलेल्या चार बायका होत्या. भैयानं माझा डबा ओळखला.

"उपासवाल्या चाचांची मुलगी ना तू? आज चाचा नाय आले?"

"उपासवाले?" मी विचारलं.

"मग! पयल्या दिवशी मी बोललो, चाचा, उपासाला ज्वारी? तर बोलले, आमच्या उपासाला चालते. मी बोललो, किती सोमवारचा? तर बोलले, कायमचा." तो दगडावर ब्रश मारता मारता सांगत होता. "आनि सोडलं काय, तर गहू! लोक मिठाई सोडतात, चाय सोडतात. गहू सोडलेला मानूस मी पयल्यांदा पाहिला. लाईनमध्ये पन शिस्त कशी? या सगळ्या बायकांचं होऊ दे, म्हनायचे, त्यांच्या पिठात माझं धान्य नको. माझं शेवटी, पन गव्हाच्या आधी."

त्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मला मान वर करवेना. दीड वर्ष मी त्या माणसाला हसत होते.

घरी आले तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या उशाशी मावशींनी आणून ठेवलेली वाटी होती, दुधात कुस्करलेली मऊ चपाती, साखर घालून. स्वतः भातवाल्या, पण तापात आबांना आवडीचं जावं म्हणून मुद्दाम केलेली. वाटीवरचं झाकण तसंच होतं.

"आबा," मी म्हटलं, "भैयाला खोटं सांगितलंत?"

ते म्हणाले, "खोटं कुठंय? त्या दिवसापासून गव्हाचा कण तरी तोंडात घातलाय का मी?"

मला रडू फुटलं. ते लपवायला मी खाली वाकून डबा ठेवायचं उगाच लांबवलं. मला म्हणायचं होतं की मी तसं बोलायला नको होतं, की तुमचा काही दोष नव्हता. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही.

"खानावळीचं पोतं आधी नाही ना लागलं?" आबांनी विचारलं.

"नाही."

"दगड नीट झाडला त्यानं? समोर उभी होतीस?"

"होते, आबा."

"मग झालं." त्यांनी चपातीची वाटी हातानं बाजूला सरकवली आणि आईला हाक मारली. "थाप गं भाकरी. भूक लागलीय."

आईनं परात ओढली. मी सवयीनं दार लावायला उठले.

"राहू दे," आबा म्हणाले, "दार उघडंच राहू दे."