घरमालकांचं एडक्याचं शिंग

बायबलातल्या शिंगाचा अर्थ सांगतो म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल, तर आधी पाय मोकळे करा. मी पाळक नाही, प्रवचनकार नाही, ख्रिस्तीसुद्धा नाही. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षवाल्यांचा मुलगा, कॉलेजसाठी नाशकात खोली घेऊन राहिलेला आणि सरांच्या नकला करून दोनदा वर्गाबाहेर गेलेला. शिंगाचं मला जे काही कळलं ते आमच्या घरमालकांकडून, आणि त्यांच्याइतकं शिंग फुंकलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. फुंकलेला म्हणतोय हां. वाजवलेला नाही.

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि वरच्या खोलीत मी. काका ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. माणसाला नावानं हाक मारायची नाही, गावानं मारायची, ही त्यांची पद्धत. मी 'पिंपळगाव', दूधवाला 'मखमलाबाद', आणि काकू रागावल्या की माहेरावरून 'संगमनेर'. दुसरी खोड म्हणजे बायबलात लिहिलंय ते हातानं करून बघायचं. मोहरीच्या दाण्याचं झाड होतं आणि त्यात पाखरं राहतात, हे वाचून त्यांनी कुंडीत मोहरी लावली. ती गुडघ्याएवढी झाली आणि पाखरं यायच्या आत काकूंनी तिची भाजी केली. दावीदाची गोफण करून पाहिली, तेव्हा समोरच्यांची ट्यूबलाइट गेली. पुढं एकदा येवल्याच्या बाजूला कुणाच्या लग्नाला गेले आणि परत येताना एका धनगराकडून मेलेल्या एडक्याचं शिंग मागून आणलं. एसटीत शेजारी कुणी बसलं नाही म्हणे, ऐसपैस प्रवास झाला.

ते शिंग त्यांनी आंघोळीच्या बंबात उकळलं, आतलं हाड ओढून काढलं, टोक कापलं, तापलेल्या सळईनं भोक पाडलं. आठवडाभर सगळ्या गल्लीत जळक्या केसांचा वास. काकू म्हणायच्या, "घरात एवढं बोकड शिजल्यासारखं चाललंय आणि ताटात रोज वांगं." मी मधेच नाक खुपसलं, की काका, शंख आणा ना सरळ, आमच्या गावात पोरंसोरं वाजवतात. त्यावर काका जिन्यातच बसले आणि मला पाण्याची बादली धरून अर्धा तास उभं केलं. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला, देवानं हात थांबवला, आणि बघतो तर झुडपात शिंगं अडकलेला एडका. पोराच्या जागी तो गेला. "म्हणजे बघ पिंपळगाव, ज्या शिंगामुळं तो अडकला, तेच शिंग पुढं माणसांना सोडवायला वाजायला लागलं. पन्नासाव्या वर्षी वाजायचं ते. वाजलं की गुलाम सुटायचे, ज्यानं त्यानं आपल्या माणसांत परत जायचं." मग यरीहोची भिंत. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, आणि शेवटी शिंगाचा एक लांब सूर, की शहराची भिंत जमीनदोस्त. "तो लांबच ओढायचा. आखूड सुराला भिंत भीक घालत नाही."

आता भिंत कुठली, ते सांगतो. काकांच्या अंगणातच होती. पलीकडं त्यांचे थोरले भाऊ राहायचे. चौदा वर्षांपूर्वी नळ कुणाच्या अंगणात घ्यायचा यावरून वाजलं, भिंत उभी राहिली, बोलणं बंद. ऐन मधे शेवग्याचं झाड आलं तर भिंत त्याला वळसा घालून गेली. एवढ्या भांडणातसुद्धा झाड तोडायचं नाही यावर दोघांचं एकमत. रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, एक डावीकडच्या बाकावर, दुसरा उजवीकडच्या, पण गाणं सुरू झालं की एकाचा वरचा सूर आणि दुसऱ्याचा खालचा असे बरोबर जुळायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं घरी तालीम करून आलेत.

त्या पावसाळ्यानंतर कळलं की थोरले घर विकून मुलाकडं पुण्याला चाललेत. काकांनी कॅलेंडरवर त्यांच्या जायच्या दिवसाला गोल केला आणि सात दिवस मागं मोजले. रोज सकाळी शिंग घेऊन भिंतीच्या कडेनं निघायचे, टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. पूर्ण फेरी मारायची तर थोरल्यांच्या गेटातून आत जायला हवं, आणि ते पाऊल काही उचलत नव्हतं. मी गच्चीवरून विचारलं, की काका, यरीहोला अर्धी फेरी चालते का? काकांनी शिंग तोंडाला लावलं. सूर निघाला नाही. काकांना नवी कवळी होती. कवळीनं वारा शिट्टीसारखा निसटायचा, कवळी काढली की गाल आत जायचे. दोन्हीकडून नुसतं फुस्स.

सातव्या दिवशी पलीकडं टेम्पो लागला. कपाट गेलं, पलंग गेला. अलीकडं काकांनी सात अर्ध्या फेऱ्या मारल्या, शेवग्यापाशी उभे राहिले, कवळी काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि फुंकलं. फुस्स. तीनदा फुस्स. मग शिंग खाली घेतलं आणि भिंतीवर तळहात टेकून उभे राहिले. टेम्पोवाल्यानं फाळका लावल्याचा आवाज आला. मला बघवेना. स्टोव्हजवळचं रॉकेलचं नरसाळं उचललं, गच्चीच्या कठड्याआड बसलो आणि निम्मा एडका, निम्मा पिंपळगावचा कांद्याचा टेम्पो असा एक सूर हाणला. गल्लीतली कुत्री उठली. मग भिंतीपलीकडून थोरल्यांचा आवाज आला.

"वाजलं का रे शेवटी तुझं?"

चौदा वर्षांतलं पहिलं वाक्य. काका घाईघाईनं खिसा चाचपत बोबडं बोलले, "थांब दादा, दात लावतो."

दात लागेपर्यंत थोरले आपल्या गेटातून निघून काकांच्या गेटातून आत आले होते. उरलेली अर्धी फेरी त्यांनी मारली. टेम्पो दोन तास थांबला, काकूंनी तीनदा चहा टाकला, आणि दोघं शेवग्याखाली खुर्च्या टाकून नळाविषयी एक अक्षर न बोलता बसले. थोरले गेले ते गेलेच पुण्याला, पण जाताना भिंतीवरून लोंबणाऱ्या चार शेंगा कागदात बांधून घेऊन गेले. आता दोघंही नाहीत. भिंत आहे. परवा त्या गल्लीतून गेलो तर शेवगा फुलला होता.

टेम्पो गेला त्या संध्याकाळी काका जिना चढून वर आले. हातात शिंग. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी हवा हुंगली.

"पिंपळगाव, तोंडाला रॉकेलचा वास येतोय."

मी खाली बघून म्हणालो, "चुकलो काका."

"चुकलासच. मेलेल्या एडक्याची नक्कल करतोस, तीही नरसाळ्यातून. आणि सूर किती आखूड. माणूस बोलावत होतास का कुत्रं हाकलत होतास? जिन्यात अर्धा तास घसा कोरडा केला मी, लांब ओढायचा म्हणून." शिंग त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "तुझे दात अजून तुझे आहेत. उद्यापासून रोज फुंकायचं. दादा नाताळाला येतोय, तेव्हा खरं वाजलं पाहिजे."