नाव नसलेला मासा

किशोरी स्मॅश कधी मारत नसे. ती चेंडू उचलून द्यायची, मारायच्या दुसऱ्या. सासरी आल्यावर तिने गावच्या बायकांचा व्हॉलीबॉल संघच उभा केला. सकाळी मासे विकून आल्या, की उन्हं कलताना या बाया किनाऱ्यावर हजर. घरची मंडळी आधी हसली आणि मग गुपचूप बघायला येऊ लागली.

चेंडू हातावर आला की तिला सगळं संथ झाल्यासारखं वाटे. वारा थांबे, गाज लांब जाई, आणि जाळीपलीकडची मोकळी वाळू निवळ पाण्यासारखी दिसू लागे. मग चेंडू कुठे देणार याची खूण म्हणून ती माशाचं नाव पुकारी. बांगडो म्हणजे मधून झटपट, आखूड. सुरमय म्हणजे कडेला उंच. जिल्ह्याच्या स्पर्धेत कणकवलीच्या उंच पोरींसमोर तिने नुसते बांगडे काढले. त्यांचे हात वर जाईपर्यंत चेंडू वाळूत. ओरोसच्या मुली शिस्तीत मागे उभ्या राहत, म्हणून आधी जाळीलगत हलके चेंडू टाकून त्यांना पुढे ओढलं, आणि त्या पुढे आल्यावर सुरमय. नावं ऐकूनही कुणाला पत्ता लागला नाही.

अंतिम सामन्याला समोर आलं तिचं माहेर, आणि तिथे घोळ झाला. हे मासे तिने लग्नाआधी माहेरीच काढले होते, धाकट्या बहिणीला, योगिनीला शिकवले होते. ते बदलायला हवेत, हे या शहाणीला सुचलंच नाही. ती बांगडो म्हणे, की जाळीपलीकडे योगिनी मध्ये उडालेलीच असे. पहिला सेट गेला.

"किशोरी माहेराक खेळता," मागून कुणीतरी म्हणालं.

कर्णधार स्वप्नाने पाणी पिताना किशोरीकडे पाहिलंही नाही. ते किशोरीला फार लागलं. हरण्याचं तिला काही नव्हतं. आज हरलो तर मात्र आपण या गावच्या कधीच होणार नाही, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या सेटला तिने नावांची अदलाबदल केली. सासरच्या बाया गोंधळल्या, माहेरच्या त्याहून जास्त, आणि सेट कसाबसा पदरात पडला. तिसऱ्यात योगिनीने ऐकणंच सोडलं. ती बहिणीचे खांदे बघू लागली. लहानपणापासून बघितलेले खांदे ते, फसवणार कसे?

सासरच्या संघाला जिंकायला एक गुण हवा होता. सूर्य पाण्याला टेकला होता. चेंडू वर आला आणि तिथेच रेंगाळल्यासारखा वाटला. किशोरी ओरडली, "सुरमय," आणि तिने खांदेही तिकडेच वळवले. स्वप्ना कडेला धावली, तिच्याबरोबर जाळीपलीकडे योगिनी आणि समोरची सगळी फळी. किशोरीने दोन्ही हात वर नेले, नेहमीसारखेच, आणि डाव्या हाताने चेंडू स्वतःच पलीकडे ढकलला. तिथे कुणीच नव्हतं.

योगिनी जाळीखालून आली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"ताय, ह्या माशाचा नाव काय गो?"

 किशोरी काही बोलायच्या आत स्वप्नाचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"आमच्या किशोरीचो मासो तो," स्वप्ना म्हणाली. "त्येका नाव आमी ठेवतलंव."