वहिनीचं भारतदर्शन

सातारा जिल्ह्यात सध्या सगळ्यात अस्सल सातारकर कोण, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या वहिनीकडं बोट दाखवीन. वहिनी डेन्मार्कची आहे. शिरवळच्या एका कारखान्यात मशीन बसवायला म्हणून तीन महिन्यांसाठी आली. तिथं फिटर असलेल्या माझ्या थोरल्या भावाशी तिचं त्या मशीनवरून कडाक्याचं भांडण झालं आणि भांडण मिटेस्तोवर लग्न ठरलं. त्याला चार वर्षं झाली. आता वडूजजवळच्या आमच्या गावात लग्नाची मानाची साडी आधी आत्याला द्यायची का मावशीला, असा वाद पेटला की बायका तिच्याकडं येतात. नव्या मशीनचं माहितीपुस्तक लिहावं तशी तिनं आमच्या चालीरीतींची एक वही केली आहे. माझ्या आईनं, काकूनं, शेजारणीनं बोलता बोलता सांगितलेलं सगळं तिच्यात टिपलेलं आहे, आणि वहीत आहे म्हणजे ते व्हायलाच पाहिजे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तेही इंग्रजी विषय घेऊन बी.ए. हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, कारण ते कमवायला मी रोज सायकल मारली आहे. परदेशी वहिनी येणार म्हटल्यावर मला वाटलं, आता आपल्या शिक्षणाचं सोनं होणार. पण चार वर्षांत तिनं मला धड एक इंग्रजी वाक्य पुरं करू दिलेलं नाही. "आवं भावजी, नीट बोला की, समजंल असं!" वडूजच्या बाजारात एक वांगीवाला तिला बघून बोटांवर भाव दाखवायला लागला, तर ही म्हणाली, "त्वांड हाय न्हवं तुला? आन् ही वांगी कवाची? माझ्या लग्नातली हायत व्हय रं?" तेव्हापासून तो वांगीवाला तिला आक्का म्हणतो आणि निवडून वांगी देतो.

तर यंदाच्या थंडीत वहिनीचे आईवडील पहिल्यांदाच आले. दोन आठवडे भारत बघायचा होता. भाऊ कारखान्यात पाळीवर, म्हणून सोबतीला मी. मी ताजमहालापासून यादी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती वाचली आणि घडी घालून परत दिली. "ताजमहाल बघून जेवायला कुणाच्यात जायाचं?" भारत म्हणजे माणसं, माणसं म्हणजे पावणे, आणि एका पाहुण्याकडं जाऊन दुसऱ्याकडं गेलं नाही तर तो जन्मभर बोलत नाही, हे तिच्या वहीत पहिल्याच पानावर होतं. त्यामुळं भारतदर्शन झालं ते असं: आमची सगळी भावकी, शिरवळचे काका, सांगलीची मावशी, माधवनगरचे वडिलांचे जुने स्नेही.

तिचे वडील साडेसहा फूट उंच, मितभाषी, गाई पाळणारे शेतकरी. प्रत्येक घरात त्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ मिळायचा. टोपी डोक्यावर बसायची नाही, पण वहिनी ती दुसऱ्या घरात शिरेपर्यंत काढू द्यायची नाही. तिच्या आईची ओटी इतक्यांदा भरली, की एसटीतून उतरताना तांदूळ सांडायचे आणि मागनं कोंबड्या यायच्या. पाहुणे खूश होते. माधवनगरचे स्नेही जैन, त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण. डेन्मार्कातही म्हणे सहाला जेवतात. त्या दिवशी तिचे वडील पहिल्यांदा मोकळे हसले आणि मला इंग्रजीत म्हणाले, "या देशात शहाणी माणसं कुठं राहतात ते आज कळलं."

सांगलीत कृष्णेच्या घाटावर मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. वहिनी आणि तिची आई हळद घ्यायला गेल्या होत्या. वाक्य त्यांनी बहुतेक आधी जुळवून ठेवलं असावं. म्हणाले, "अकरा दिवस मी सगळ्यांच्या घरी जेवलो. माझ्या मुलीच्या घरी नाही. चहासुद्धा नाही. आम्हाला लॉजवर ठेवलं. तुमच्या घरात तिला मान आहे ना? खरं सांग. नसेल तर परवा मी तिला घेऊन जातो. तिची खोली अजून तशीच आहे."

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी त्यांना कृष्णेच्या घाटाची माहिती सांगायला लागलो. कारण त्यांचं म्हणणं खरंच होतं. दोनदा ते आमच्या दारात आले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि आईनं चहाचं आधण ठेवलं न ठेवलं तोच वहिनीनं, "चला, उशीर हुतोय," म्हणून त्यांना पिटाळलं. इकडं आमची आई आतल्या आत जळत होती. "साऱ्या गावाचं चालतंय, माझंच पाणी चालत न्हाई यिहायांना," असं तिनं मला तीनदा ऐकवलं होतं. वहिनीला विचारायचं मात्र तिच्यानं होत नव्हतं.

पाहुण्यांना लॉजवर सोडून घरी आलो तशी मी चूल पेटायच्या आधी आई आणि वहिनीच्या मध्ये उभा राहिलो आणि घाटावरचं सगळं सांगून टाकलं. वहिनीचा चेहरा पांढऱ्याचा लाल झाला.

"आई, तुमीच सांगितलेलं न्हवं? लेकीला मूल हुईस्तवर बापानं तिच्या घरचं पाणीबी प्यायचं न्हाई. तुमचे वडील तीन वर्सं दारातनं माघारी गेले. मी लिवून ठेवलंय. म्हणून तर माझ्या बाला मी दाराच्या आत घेतलं न्हाई. रीत मोडली तर तुमाला वाईट वाटंल म्हणून."

आई मटकन खाली बसली. हसावं का रडावं तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"अगं माझे बये, मी तुला रीत सांगत न्हवते! दुख्ख सांगत हुते! माझा बा उन्हातनं यायचा, दारात बैलगाडी सोडायचा आन् कोरड्या तोंडानं परत जायाचा. मी आत भाकरी झाकून रडत बसायची. त्ये तू वहीत लिवलंस व्हय?"

दुसऱ्या दिवशी बाराला व्याही आणि विहीणबाई घरी आले. वहिनीनं एकटीनं रांधलं, आईलाही चुलीजवळ येऊ दिलं नाही. बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी, ठेचा. आईनं मात्र एक काम कुणाला दिलं नाही. पाण्याचा तांब्या भरून तिनं स्वतः व्याह्यांच्या हातात दिला आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. त्यांनी तांब्या रिकामा केला. मग ते तीन भाकरी जेवले, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी जेवले. पाणी ठेच्याचंच होतं का, ते मी विचारलं नाही.

जेवण झालं आणि ते ताट घेऊन मोरीकडं निघाले. बाही सारून ताट घासायलाच बसले. आई धावली. "आवं, यिहाई ताट धुत्यात व्हय कुठं! लोक शेन घालतील तोंडात!"

वहिनीनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या आई. आमच्याकडं असंच आस्तंय."

चार वर्षांत वहिनी "आमच्याकडं" म्हणाली ती कायम आमच्या गावाबद्दल. ते ऐकून आम्ही चौघांत मिरवायचो, की बघा, पोर कशी आमची झाली. ती कुणाकडनं उठून आमच्याकडं आली, तिथं ताट कोण घासतं, हे एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं. माझ्यासारख्या शिकलेल्यानंही नाही.

 आई आत गेली, स्वच्छ धुतलेला पंचा घेऊन आली आणि हात पुसायला तो व्याह्यांच्या खांद्यावर ठेवला. परत येऊन वहिनीच्या शेजारी बसत म्हणाली, "आन् काय काय आस्तंय गं तुमच्याकडं? सांग मला."