खुंटाळे सर

जठारपेठेतल्या घरी कुणी आलं, की खुंटाळे सर आधी त्याच्या डोक्याकडे पाहत. दारामागे टोप्या टांगायला खुंट्या असलेलं उभं सागवानी खुंटाळं होतं. त्याच्याकडे बोट करून म्हणत, "टोपी टांगा, मंग बोलू." टोप्या घालणारे संपत आले, तरी त्यांची सवय गेली नाही. लोकांनी त्यावरून नावच पाडलं होतं. मला वर्षभर ते आडनाव वाटलं.

मी दर्यापूरकडचा, घरातला पहिला कॉलेजात गेलेला. सरांच्या मागच्या खोलीत राहायचो, संध्याकाळी ते इंग्रजी शिकवायचे. एका जुन्या गोष्टीत नायक हॅटस्टँडपाशी थांबतो. मला स्टँड फक्त एसटीचा माहीत. मी लिहिलं, 'नायक हॅट गावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होता.' सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि हाताला धरून मला दारामागे घेऊन गेले. "हे पाय तुयं हॅट गाव."

जुन्या पुस्तकांतल्या अशा जागांवर ते पेन्सिलीने खूण करत. पाहुण्याची पगडी खुंटीला लागली म्हणजे तो जेवून जाणार. हॅट स्टँडवर दिसली म्हणजे साहेब घरात आहे. टोपी कुठे ठेवली यावरून माणूस त्या घरात कितपत आपला आहे ते कळतं, असं ते सांगत.

मी बी.ए. झालो तेव्हा सरांनी बाबांना जेवायला बोलावलं. मधली खुंटी सकाळीच पुसून ठेवली. बाबांना आणायला मी स्टँडवर गेलो आणि म्हणालो, माझे मित्र येणार आहेत, टोपी पिशवीत ठेवा. बाबांनी काही न विचारता ठेवली.

सरांनी दारातच विचारलं, "भाऊ, टोपी कुठी हाय तुमची?"

"खिडकीपाशी बसलो होतो, सर. उडाली."

जेवणानंतर बाबांनी सुपारीसाठी पिशवीत हात घातला आणि अडकित्त्याबरोबर टोपी बाहेर आली. सरांनी ती उचलली, झटकली, मधल्या खुंटीला टांगली. "सापडली, बरं झालं," एवढंच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे सर वारल्यावर त्यांच्या मुलीने खुंटाळं माझ्या अमरावतीच्या घरी पोचवलं. सर तसं सांगून गेले होते. त्यावर माझं हेल्मेट असतं, पोरांची दप्तरं असतात. मधली खुंटी मी मोकळी ठेवतो.

बाबा येतात तेव्हा जिन्यातच टोपी काढून खिशात घालतात. "बाबा, टांगा ना," मी दर वेळी म्हणतो.

"राहू दे बापू. तुयाकडे लोकं येत असतात."