दारातून परतलेलं डफडं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही चढलो, कारण राहतं घर हातचं गेलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. केळापूरजवळच्या आमच्या गावात यांनी घर गहाण टाकून पिठाची चक्की घातली. इंजिन सारखं बंद पडायचं, हप्ते थकले आणि सावकारानं कोर्टातून घराच्या लिलावाचा हुकूम आणला. आता फक्त तारीख कळायची होती.

ती नुसती कागदावर चालत नसे. कोतवालानं त्या घरापुढे उभं राहून डफडं वाजवायचं, तारीख ओरडून सांगायची आणि जाहीरनामा दाराला चिकटवायचा, असा कायदा. घरच्यांनाही कळावं आणि बोली लावणारेही यावेत म्हणून.

कोतवाल आला तेव्हा माझ्या तान्ह्या लेकीला देवी आल्या होत्या. दाराला कडुनिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, मोठ्यानं बोलणं बंद. हुकूम घेऊन आलेले कोर्टाचे बेलीफ साथीच्या भीतीनं चावडीवरच थांबलेले. कोतवालानं खांद्यावरचं डफडं पुढे घेतलं, डहाळे पाहिले आणि हात जोडले.

"घरात माय आहे, बाई. मी नाही वाजवत." एवढं हळूच म्हणून तो कागदासकट मागे फिरला.

मी वेडी, मला वाटलं संकट टळलं! देवीनं लिलावही परतवला, असं मी यांना सांगितलंसुद्धा. इकडे बेलीफांनी डफडं वाजल्याचं लिहून कोतवालाचा अंगठा घेतला. पांढरकवड्याच्या कोर्टात लिलाव झाला. बोलीला दुसरं कोणी नव्हतंच. सावकारानंच घर मातीमोल भावानं घेतलं.

लिलावाविरुद्ध आम्ही कोर्टात अर्ज केला. आमचे वकील म्हणाले, "डफडं वाजलं नाही हे ठरलं तर लिलाव रद्द होईल. पण ते कोतवालानं सांगायला हवं."

मी पदर खोचून त्याच्याकडे निघाले, तर हे आडवे आले. "खरं सांगतलं तर त्याची नोकरी जाईन. आपल्या घरापायी त्याची चूल काहून विझवतं?"

मी चिडले, रडले. पण नवऱ्याचा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू?

शेवटी कोतवालाला साक्षीला बोलावलं ते सावकाराच्याच वकिलानं, अंगठा कबूल करायला.

"अंगठा माह्याच आहे," तो शपथेवर म्हणाला. "पण डफडं नाही वाजलं."

"मग अंगठा दिलास कशाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बेलीफसायब म्हणले लाव, लावला. आता तुमी शपथ घालून विचारून राह्यले, त सांगतो. घरात देवी असल्यावर डफडं वाजवत नाही, सायब. कोर्टाचं असलं तरी."

लिलाव रद्द झाला. पुन्हा जाहीरनामा निघायच्या आत आम्ही चक्की आणि माझ्या पाटल्या विकून सावकाराचं देणं फेडलं. घर राहिलं. त्याची कोतवालकी मात्र गेली.

मी त्याच्या वस्तीत गेले. आमच्याकडच्या बायका तिकडे पाऊल टाकत नसत. तो दुसऱ्याच्या वावरात मजुरीला निघाला होता. मला पाहून त्यानंच आधी विचारलं, "पोरगी बरी आहे ना?"

"चालायला लागली," मी म्हणाले.

"मंग झालं."

सगळ्या वस्तीदेखत मी त्याच्या पाया पडले. तो दचकून मागे सरला. सासूच्या पाया मी रीत म्हणून पडत आले होते. मनापासून कुणाच्या पडले ती त्या दिवशी पहिल्यांदा.